माघारीची विद्या

'गड सर करणे' हा शब्दप्रयोग मराठीतून काही वर्षे रजेवर पाठवावा, अशी माझी सूचना आहे. कायमचा नव्हे. तो शब्द जुना आहे, मानाचा आहे, आणि ज्यांनी गड खरोखरीच सर केले त्यांच्यासाठी तो राखून ठेवला पाहिजे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले तेव्हा वर उदेभानाची शिबंदी होती. आज रविवारी सकाळी आपण त्याच गडावर जातो तेव्हा वर दह्याची मडकी मांडून बसलेली एक मावशी असते. तिच्याविरुद्ध आपण नेमके काय सर करतो, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

हा शब्दच्छल नव्हे. शब्द माणसाला वागायला शिकवतात. जो सर करायला निघतो त्याच्यापुढे दोनच गोष्टी उरतात : विजय किंवा पराजय. माथ्यावर पाय ठेवला की विजय. पन्नास पावले अलीकडून परतला की पराजय. आणि पराजय कोणालाच नको असतो; विसाव्या वर्षी, चार मित्रांच्या देखत, तर नकोच नको. मग आभाळ काळे होवो, पाणी संपो, एखाद्याचा गुडघा बोलू लागो, पावले पुढेच पडत राहतात. डोंगरात माणसे अज्ञानाने मरतात असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की, त्यांतली पुष्कळ लाजेने मरतात. परत फिरायची लाज वाटली म्हणून मरतात. आणि ही लाज त्यांना आपणच शिकवलेली असते.

गेल्या पौषात शेजारचा एक मुलगा माझ्याकडे आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंगाने काटक, स्वभावाने नम्र. "काका, पहिलाच ट्रेक करायचाय. बूट कोणते घेऊ?" असे त्याने विचारले आणि मोबाईल पुढे केला. त्यात त्याने सामानाची एक यादी उतरवून ठेवली होती. एकतीस वस्तू होत्या. पाठपिशवी किती लिटरची, काठी घडीची की साधी, टोपी कोणत्या रंगाची, सगळे होते. मी ती यादी वरून खाली आणि खालून वर वाचली आणि त्याला एकच प्रश्न केला : "परत किती वाजता फिरणार?"

तो गोंधळला. मग हसून म्हणाला, "वर पोचलो की!"

हे उत्तर माझ्या ओळखीचे होते. ते मी स्वतः एकदा दिले आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होता होता राहिली आहे. ती हकीगत सांगणे मला सुखाचे नाही. पण दुसऱ्यांना चार शब्द सुनवायचे तर आपले माप आधी पदरात घ्यावे, म्हणून सांगतो.

१९८४ सालचा जुलै. मी नव्यानेच शिक्षक झालो होतो आणि सात मुले बरोबर घेऊन हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. माळशेजजवळ खुबी फाट्याला एस. टी. तून उतरलो, तेथून चालत खिरेश्वर. पोचायला अकरा वाजले. गाडी उशिरा आली होती, आणि वाटेत दोनदा चहा झाला होता. खिरेश्वरात एका म्हाताऱ्याच्या पडवीत जरा टेकलो. त्याने आमच्याकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले, आणि म्हणाला, "मास्तर, खिंडीपातुर जावा आन् मागं फिरा. वर समदी धुई धरलीय. वाट गावायची न्हाई."

मी म्हणालो, "बाबा, संध्याकाळपर्यंत येतोच परत. जाऊन येतो वरपर्यंत." आणि ओझे कमी व्हावे म्हणून एक पिशवी त्याच्याच पडवीत ठेवून दिली. त्या पिशवीत सगळ्यांचे कोरडे कपडे होते.

तोलारखिंडीत वाघ कोरलेली एक शिळा आहे. तिच्यापाशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. म्हाताऱ्याने सांगितलेली परतीची जागा ती हीच. पण खिंडीत धुके नव्हते, मुले जोरात होती, आणि मला वाटले, म्हातारी माणसे बोलायचीच. आम्ही कातळ चढलो. वरच्या पठारावर एकामागून एक टेकाडे लागतात. प्रत्येक टेकाडावर वाटते की आता देऊळ दिसेल, आणि दिसते पुढचे टेकाड. तिसऱ्या की चौथ्या टेकाडावर धुके असे उतरले की पुढच्या मुलाची पाठ दिसेना. गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटलेल्या. आम्ही त्यांतल्याच कोणत्या तरी धरल्या असणार. पाच वाजता मला कळले की आपण चुकलो आहोत. साडेसहाला ते मुलांनाही कळले.

रात्र एका कातळाच्या आडोशाला काढली. वारा आणि पाऊस थांबले नाहीत. आमच्यातला सर्वांत धाकटा मुलगा, सतरा वर्षांचा, आधी कुडकुडत होता. मध्यरात्रीनंतर त्याचे कुडकुडणे थांबले. मला वाटले, बरे झाले, याला ऊब आली. थोड्या वेळाने तो जड जिभेने म्हणाला, "आई, पंखा बंद कर ना."

त्या वाक्याने माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही कधीकधी येतो. आमच्यातला एक मुलगा धनगराच्या घरचा होता. पावसात गारठलेले कोकरू छातीशी धरून वाचवतात, एवढे त्याला ठाऊक होते. त्यानेच त्या मुलाचे ओले कपडे काढायला लावले, स्वतःचा सदरा काढला, त्याला दोघांच्या मध्ये घेतले आणि वरून मेणकापड गुंडाळले. मी मास्तर, मला यातले काही सुचले नव्हते.

उजाडल्यावर हाका ऐकू आल्या. तो म्हातारा आणि त्याचा मुलगा आले होते. संध्याकाळी परत येतो म्हणाले, पिशवी तशीच पडलेली, म्हणजे पोरे वर अडकली, एवढा साधा हिशोब त्याने केला होता. त्या पिशवीने आमचा जीव घ्यायचा तो वाचवला. मुलगा बरा झाला. पुन्हा तो डोंगरात गेला नाही.

पुण्याला आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने सगळे ऐकून घेतले. रागावली नाही. फक्त विचारले, "सर, तुम्ही खिंडीतून परत का नाही फिरलात?"

मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर असे होते की, म्हाताऱ्याचे ऐकून परतलो असतो तर सात मुलांच्या देखत माझी मान खाली गेली असती. ते त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हापासून माझे मत झाले आहे ते असे : डोंगरात नव्याने जाणाऱ्याला शिकवायची पहिली विद्या चढण्याची नव्हे. चढायला कोणालाही येते. शेळीला आपल्याहून बरे येते. पहिली विद्या माघारीची. बाकीचे सारे सामान, बूट, पाणी, दोर, बॅटरी, हे त्या विद्येचे नोकर आहेत. माघार घेण्याची सोय शिल्लक राहावी एवढ्यासाठीच ते पाठीवर वाहायचे असते. हे एकदा ध्यानात आले की एकतीस वस्तूंची यादी आपोआप शहाणी होते.

माघारीची सुरुवात घरी होते, घड्याळापाशी. सकाळी सहाला पायथा सोडायचा आणि दुपारी चारला पायथ्याला परत यायचे असे ठरवले तर हाती दहा तास आले. त्यांतले दोन तास विसाव्याला आणि चुकीला बाजूला काढा. चुकीला वेळ काढून ठेवणे हा अपशकुन नव्हे, चूक होतेच. उरले आठ. नवख्याला उतरायलाही जवळजवळ चढण्याइतकाच वेळ लागतो, कारण सह्याद्रीचा घसारा पायाखालून सरकतो आणि थकलेले गुडघे तो सोसत नाहीत. म्हणजे चढायला चार तास. याचा अर्थ, दहा वाजता, फार तर साडेदहाला, जेथे असाल तेथून परत. माथा समोर दिसत असला तरी परत. ही वेळ पायथ्याशी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायची. वर गेल्यावर ठरवायची नाही. वर गेल्यावर ठरवणारा माणूस वेगळा असतो; त्याला माथा दिसत असतो.

किती तास लागतील याचा अंदाज बांधायला १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने सोपा आडाखा दिला : सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटर चाल आणि नऊशे मीटर चढ असेल तर पावणेतीन तास. पण तो हिशोब थंड देशातल्या, डोंगराची सवय असलेल्या माणसाचा. आपल्या उन्हात, पाठीवर ओझे घेतलेल्या नवख्याने त्याची दीडपट करावी. चार तास धरावे. कोणी 'दोन तासांत होतो' असे सांगितले तर तो त्याचा विक्रम समजावा, आपले वेळापत्रक समजू नये.

उतरण्याला मी इतके महत्त्व देतो याला कारण आहे. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्नचे शिखर पहिल्यांदा सात जणांनी गाठले. त्यांतले चौघे मेले, आणि मेले ते उतरताना. माथा हा प्रवासाचा शेवट नसतो. तो मध्य असतो. शेवट पायथ्याशी असतो, किंबहुना आपल्या घराच्या उंबऱ्याशी असतो. आमच्या शब्दकोशात 'सर' झाल्यावर पूर्णविराम पडतो, हीच तर माझी तक्रार आहे.

घड्याळानंतर पाणी. दिवसभराला माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. वरच्या टाक्यांत पाणी असेल असे धरून चालू नये. असले तर गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकून प्यावे. बरोबर मीठ आणि साखर असावी. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. निम्मे पाणी संपले की तेही परत फिरण्याचे घड्याळ समजावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात कातळावर चालणारा माणूस बरळू लागला, अडखळू लागला, तर तो थकला नाही, त्याला ऊन लागले आहे. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि गड विसरा.

मग कपडे. सुती बनियन भिजला की अंगाची ऊब शोषून घेतो. आपल्याकडे थंडीने माणूस मरत नाही, ही समजूत मी १९८४ पर्यंत बाळगून होतो. पारा शून्याखाली जायची गरज नसते. ओले अंग, वारा आणि रिकामे पोट पुरे असते. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठीवर असावा. कोणाच्या पडवीत नव्हे. कुडकुडणारा माणूस अजून लढत असतो. ज्याचे कुडकुडणे ऊब न मिळताच थांबले, जीभ जड झाली, हाताला बटण लागेना, त्याच्यासाठी सगळ्यांनी तेथल्या तेथे थांबावे. त्याला कोरडे करावे, वाऱ्याआड न्यावे, दोघांच्या मध्ये घ्यावे, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड प्यायला द्यावे. चोळू नये. आणि दारू हा त्यावरचा उपाय नाही, हे ज्यांना सांगावे लागते त्यांच्याबरोबर मुळात जाऊच नये.

बूट? त्या मुलाला अखेर मी बुटांविषयीही सांगितले. तळवा धरून ठेवणारा असावा, आणि बूट घरच्या पायांना सवयीचे असावेत. नवे बूट घालून पहिल्यांदा गडावर जाणारा माणूस दुसऱ्या तासाला गड पाहत नाही, टाच पाहतो. बॅटरी प्रत्येकाची वेगळी असावी, कारण मोबाईलचा उजेड आणि मोबाईलचा नकाशा एकाच वेळी संपतात. ११२ हा क्रमांक पाठ असावा. पण घळीत शिरल्यावर तो लागेल याची खात्री धरू नये. म्हणून आपण कोठून चढणार, कोठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर काळजी करायची, हे घरी एकाला आणि पायथ्याच्या गावात एकाला सांगून जावे. आम्ही हे नकळत केले होते. म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

जाताना किमान चौघे असावेत. एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो, दोघे मदतीला जातात. सर्वांत हळू चालणारा पुढे असावा आणि सर्वांत जाणता शेवटी. आपल्याकडे नेमके उलट असते : जाणता पुढे धावतो आणि हळू चालणारा मागे एकटा रडकुंडीला येतो, आणि वाट चुकतो तो हाच.

आणि वाटाड्या घ्यावा. येथे मला थोडे थांबून बोलले पाहिजे. पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घेणे हे आमच्या पुष्कळ धाडसी तरुणांना कमीपणाचे वाटते. 'आमच्याकडे नकाशा आहे.' असेल. पण नकाशाला कालचा पाऊस ठाऊक नसतो. कोणत्या नाळेत दगड सुटले आहेत, कोणत्या कड्याला आग्या मोहोळ बसले आहे, कोणत्या टाक्यात यंदा पाणी आहे, हे त्या माणसाला ठाऊक असते. आणि दुसरी गोष्ट अशी : तो जेव्हा 'आज जाऊ नका' म्हणतो, तेव्हा तो आपली दिवसाची मजुरी बुडवून बोलत असतो. स्वतःचे नुकसान करून दिलेला सल्ला या जगात फार थोडा मिळतो. जेथे मिळेल तेथे तो हात जोडून घ्यावा.

त्या गावांचे आणखी एक देणे आपल्यावर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. त्या गडावर जाणाऱ्या कितीतरी जणांनी त्या वाडीत पाणी मागितले असेल, वाट विचारली असेल. ज्यांना आपण डोंगराचे मालक समजतो त्यांनाही डोंगराने सोडले नाही. पावसाळ्यात डोंगर हलतो, ही गोष्ट तेवढ्यावरून तरी आपल्या ध्यानात राहावी. चार महिने हिरवळ पाहायची असेल तर रुंद, मळलेल्या वाटेने पाहावी. ओढा, घळ, धबधब्याचे पात्र यांच्यापासून दूर राहून पाहावी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते काही सर करायला गेलेले नव्हते. सहलीला गेले होते. डोक्यावर पाऊस कमी असताना वरच्या अंगाला तो जास्त असू शकतो, आणि पाणी चढायला लागते तेव्हा परतीची वाट आधी बुडते. जेथून परतता येणार नाही तेथे पाय ठेवायचा नाही : हा नियम कड्याला जेवढा लागू, तेवढाच गुडघाभर पाण्यालाही.

या विषयावर हल्ली तीन प्रकारचे लोक बोलतात, आणि तिघांशीही माझे भांडण आहे.

पहिले बंदीवाले. अपघात झाला की मनाईहुकूम निघतात, वाटेवर पोलीस उभे राहतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जेथे पाणी चढते तेथे त्या दिवशी बंदी घालणे योग्यच आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण बंदीने जागा बंद होते, अक्कल उघडत नाही. या धबधब्यावर पोलीस आहे म्हणून माणूस त्या धबधब्यावर जातो. त्याच जोडीला प्रत्येक कड्याला कठडा आणि प्रत्येक गडाला पायऱ्या मागणारे आहेत. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, आणि १६४६ मीटरवरच्या त्या देवीला भाविक, लहान मुले, म्हातारी माणसे जातात, ते उत्तमच. परंतु शिडी पाय धरते, वेळ धरून ठेवत नाही. शिडी असलेल्या डोंगरावरही सूर्य सहालाच मावळतो.

दुसरे व्यापारी. शुक्रवारी रात्री शहरातून बस निघते. पन्नास माणसे, दोन 'लीडर'. रात्रभर कोणी झोपत नाही, गाणी होतात. पहाटे तीनला पायथा, आणि न झोपलेल्या पन्नास माणसांची रांग अंधारात डोंगराला लागते. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर, जेथे खोबणीत बोटे घालून एका वेळी एकानेच चढावे, तेथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन तासन्‌तास खोळंबतात. मी या धंद्याच्या सरसकट विरुद्ध नाही. काही मंडळी तो प्रामाणिकपणे करतात, आणि एकट्याने जाण्यापेक्षा जाणत्याबरोबर जाणे केव्हाही बरे. माझा आक्षेप मुळाशी आहे. पैसे माथा दाखवण्याचे घेतले, की माघार हा करारभंग होतो. त्या लीडर पोराला परत फिरायचे असले तरी पन्नास जण त्याला विचारतात, "मग आमचे पैसे?" म्हणून नवख्याने अशा मंडळींना शिखर किती उंच आहे हे विचारू नये. विचारावे, "तुम्ही यापूर्वी शेवटचे कोठून परत फिरलात, आणि का?" ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते त्याच्याबरोबर बेलाशक जावे. जो म्हणेल 'आम्ही कधीच परत फिरलो नाही', त्याला नमस्कार करावा.

तिसरे आम्ही, म्हणजे माझ्या पिढीतले जुने भटके. आजच्या पोरांना नावे ठेवणे हा आमचा आवडता विरंगुळा आहे. हे रील काढायला जातात, यांना इतिहास ठाऊक नाही, यांना वाट शोधता येत नाही. आमच्या वेळी असे नव्हते. आमच्या वेळी असेच होते. आमच्याजवळ मोबाईल नव्हता, एवढाच फरक. मी खिंडीतून परतलो नाही तो काही इतिहासप्रेमामुळे नव्हे. सात मुलांनी माझ्याकडे पाहत राहावे म्हणून. आज पोरगा कड्याच्या टोकाला उभा राहतो तो सातशे लोकांनी पाहावे म्हणून. रोग एकच आहे; प्रेक्षक वाढले आहेत. आम्ही आमच्या फजित्या लपवल्या आणि पराक्रम सांगितले, त्या गोष्टी ऐकून ही पिढी वाढली. आता तिला दोष देण्याआधी आपल्या माघारीच्या गोष्टी तिला सांगाव्या. मी माझी सांगितली. इतरांनी आपापल्या सांगाव्या.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो छाती काढून घेतला जातो : महाराजांचे मावळे असे परत फिरले असते काय? ज्या देशात हिरकणी रायगडाचा कडा उतरून गेली, तेथे तुम्ही घड्याळ दाखवता?

हिरकणीची कथा आख्यायिका आहे. पण आख्यायिका म्हणूनही ती नीट ऐकावी. ती बाई रोज त्या गडावर दूध घालायला जाणारी होती, आणि ती उतरली ती घरी लेकरू होते म्हणून. हौसेने नव्हे, नावासाठी नव्हे. तिची सारी धाव घराकडे आहे! त्या कथेतून परतीची ओढ शिकायची की कड्याशी मस्ती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आणि महाराजांचे म्हणाल, तर १६६५ साली पुरंदरच्या तहात त्यांनी तेवीस किल्ले दिले. एका तहात तेवीस! ज्यांना वाटते की माघारीने मान जातो, त्यांनी हा आकडा रोज सकाळी म्हणावा. पुढे १६७० मध्ये ते गड परत घ्यायला सुरुवात झाली, कोंढाणा त्यांतलाच. घेता आले, कारण घ्यायला माणसे जिवंत होती. ज्यांचे नाव घेऊन आपण चढतो त्यांना माघार कळत होती. आपल्यालाच ती कळत नाही.

'मग काय घरीच बसावे?' असेही कोणी विचारील. मुळीच नाही. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि अजून महिन्यातून एकदा जातो. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले अकरा आपले आहेत. माणसे आता अधिकच येतील, आणि यावीत. संजीवनी माचीवर सकाळचे ऊन आडवे पडलेले पाहिले नाही, कोकणकड्यावर पालथे पडून खालचे कोकण पाहिले नाही, तर या प्रदेशात जन्माला आल्याचे निम्मे भाडे वाया गेले. माघारीची विद्या ही घरी बसायची विद्या नव्हे. पुन्हा पुन्हा जाण्याची आहे. ज्याला परत यायला येते त्यालाच पुन्हा जाता येते. गड कोठे जात नाही. सहा कोटी वर्षांहून जुना तो कातळ पुढच्या रविवारीही तेथेच असतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा पाऊस ओसरलेला असेल, ओढे निवळलेले असतील, हवा कोरडी असेल. नवख्याने डोंगराची ओळख करून घ्यावी ती आत्ता, दिवाळीपासून माघापर्यंत. गवत वाळले की त्यावरून पाय सटकतो, तेवढे सांभाळावे. पहिला गड मळलेल्या वाटेचा, वर पाणी असलेला, पायथ्याशी गाव असलेला निवडावा. आणि त्यावर सूर्य उगवण्याआधी निघावे.

शेजारच्या मुलाचे सांगायचे राहिले. तो आणि त्याचे तीन मित्र पौषातल्याच एका रविवारी गेले. एकाला वाटेत उलट्या झाल्या, तासभर मोडला. साडेदहा वाजले तेव्हा वरचा दरवाजा समोर दिसत होता. अर्ध्या तासाची वाट असेल. ते परत फिरले. संध्याकाळी तो मला सांगायला आला तेव्हा त्याचे तोंड जरा उतरलेले होते. म्हणाला, "काका, फोटो नाही मिळाला वरचा."

मी म्हटले, "पुढच्या महिन्यात जा."

तेवढ्यात जिन्यातून त्याच्या आईची हाक आली, पाने घेतली आहेत म्हणून. तो जेवायला गेला.